अकरा पहिले आठवडे

ड्रायव्हर रोज सकाळी त्रेचाळीस पोरं शाळेत पोचवायचा आणि त्यांत त्याची स्वतःची पोरगी नसायची. यावरून त्याला कोण काय काय बोललं ते सांगत बसलो तर गोष्ट राहून जाईल. शाळेचा शिपाई रोज फाटक उघडताना विचारायचा, "काय हो, तुमच्या पोरीला गाडी लागते का?" ड्रायव्हर हसायचा आणि गिअर टाकायचा. त्याची नऊ वर्षांची ठकी घरी शिकत होती. तिला शिकवायची त्याची बायको. ती पुढच्या खोलीत लोकांचे कपडे शिवून, उसवून, आखूड करून द्यायची, म्हणून सगळी गल्ली तिला टेलरबाई म्हणायची.

ठकी हुशार होती. आईबाप म्हणतात म्हणून नव्हे, खरंच होती. पण वर्गात उभं राहून मोठ्याने वाचायची वेळ आली की एखाद्या शब्दापाशी ती अडायची. शब्द समोर दिसत असायचा, माहीत असायचा, पण तोंडातून निघायचा नाही. मग मागच्या बाकावरून कुणीतरी तो शब्द ओरडायचं आणि सगळा वर्ग हसायचा. पुढे पुढे सोमवारी सकाळी ठकीचं पोट दुखायला लागलं. मग मंगळवारीही. मग दप्तर नुसतं दिसलं तरी ती पांघरुणात शिरायला लागली. तेव्हा टेलरबाईने कात्री खाली ठेवली आणि जाहीर केलं, "बास झालं. हिला मी शिकवते."

टेलरबाईने एकदा 'बास झालं' म्हटलं की त्या घरात चर्चा संपते. शिक्षण खात्यात मात्र संपत नाही. खात्याने परवानगी दिली ती तीन महिन्यांची. तीन महिन्यांनी अधिकारी घरी येऊन मुलीचं काम बघणार. पटलं तर वर्षभर घरी. नाही पटलं तर ठकी पुन्हा शाळेत, त्याच वर्गात आणि त्याच बाकावर.

आता शिकवायचं म्हणजे साहित्य पाहिजे. आणि टेलरबाईला कुठलंही चालणार नव्हतं. सकाळची प्रार्थना, बायबलमधला शास्त्रपाठ, गणित आणि विज्ञान एकाच दोऱ्याने शिवलेलं, ख्रिस्ती घराला शोभेल असं तिला पाहिजे होतं. चर्चच्या मंडळीतल्या एका कुटुंबाने असा अख्खा संच खोक्यातून मागवला होता. त्याची किंमत ऐकून ड्रायव्हरने चहाचा कप तोंडापर्यंत नेऊन परत खाली ठेवला.

"मोफतचं काही बघ की," तो म्हणाला.

टेलरबाईने बघितलं. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात टाचण्यांची डबी, अशी ती दोन दिवस शोधत होती: ख्रिस्ती कुटुंबं, घरचं शिक्षण, मोफत. आणि काय सांगावं, जग इतकं उदार असेल याची तिला कल्पनाच नव्हती. जिथे जावं तिथे हसरी कुटुंबं, हसऱ्या टेबलाभोवती, हसरी पुस्तकं घेऊन बसलेली. त्या आयांच्या कपड्यांवर एक सुरकुती नव्हती. 'या बायका स्वतः इस्त्री करत नसणार,' हे टेलरबाईने तिथल्या तिथे ओळखलं, पण साहित्य चांगलं होतं म्हणून माफ केलं.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या पँटी ती आखूड करून द्यायची, तो तिला पानं छापून द्यायचा. असा पहिला संच आला आणि पिवळ्या फाईलमध्ये बसला. सोमवार ते शुक्रवार, सृष्टीच्या निर्मितीचे सात दिवस त्या पाच दिवसांत बसवलेले. शास्त्रपाठ झाला की त्याच दिवसाचं गणित, त्याच दिवसाचं विज्ञान, शेवटी कातरकाम. ठकी कापायच्या टेबलाच्या एका टोकाला बसून लिहायची, दुसऱ्या टोकाला मशीन चालायचं. संध्याकाळी टेलरबाई पानावर चांदणी चिकटवायची. आठवडा छान गेला.

दुसऱ्या आठवड्याचं पान उघडायला गेली तर तिथे एक छोटंसं कुलूप दिसलं. पुढचे पस्तीस आठवडे पाहिजे असतील तर पैसे भरा, असं कुलपाखाली अत्यंत प्रेमळ भाषेत लिहिलं होतं. बंद दारापुढे ताटकळत उभी राहणारी बाई ही नव्हेच. तिने ते पान मिटलं, दुसऱ्या एका हसऱ्या कुटुंबाकडे गेली आणि तिथला मोफत संच उतरवून घेतला. तो हिरव्या फाईलमध्ये गेला. मग निळी, मग जांभळी. दर शनिवारी नवं कुटुंब, दर सोमवारी नवी फाईल. पोरीला निरनिराळ्या लोकांची शिकवायची पद्धत कळते आहे, याचं तिला कौतुकच वाटत होतं. एका संचात पहिल्या दिवशी काळा कागद कापायचा होता, दुसऱ्यात मेणबत्ती लावायची होती, तिसऱ्यात डोळे बांधून घरभर फिरायचं होतं. त्यात ठकीने गिऱ्हाइकाच्या तीन बटणांवर पाय दिला, पण शिक्षण म्हटलं की थोडं नुकसान व्हायचंच.

तर अशी अकरावी फाईल संपली, त्या शनिवारची गोष्ट. शाळेला सुट्टी, म्हणून बस उभी आणि ड्रायव्हर घरी. तो आणि ठकी जेवणाच्या टेबलावर वाटाणे सोलत होते. टेलरबाई बाराव्या संचाच्या शोधात मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती.

"काय शिकताय सध्या?" ड्रायव्हरने सहज विचारलं.

"सृष्टी," ठकी म्हणाली.

"अजून सृष्टीच? कुठवर आलात?"

"सातवा दिवस झाला ना काल. सगळं बनवून झालं."

"मग? पुढे काय होतं?"

ठकीने एक वाटाणा तोंडात टाकला. "पुढे काही नाही. सोमवारी पुन्हा पहिला दिवस."

"पुन्हा म्हणजे?"

"पुन्हा अंधार. मग आई नवीन फाईल आणते. मग उजेड."

ड्रायव्हर हसायला लागला. हसता हसता त्याच्या मांडीवरचे वाटाणे जमिनीवर घरंगळले. मग त्याचं बायकोकडे लक्ष गेलं आणि तो वाटाणे गोळा करायच्या निमित्ताने टेबलाखाली गेला.

टेलरबाई उठली. तिने अकराच्या अकरा फाईली काढल्या, रांगेने मांडल्या आणि एकेक उघडली. अकरा वेळा उजेड झाला होता. अकरा वेळा समुद्र मागे हटला होता, अकरा वेळा मासे पोहायला लागले होते. गणितात अकरा वेळा दशक आणि एकक होते, त्यापुढे शतकाचा पत्ता नव्हता. विज्ञानात अकरा सावल्या. जगात सगळे जण पहिला आठवडा मोफत देतात आणि कुणीच दुसरा देत नाही, हे प्रत्येक कुलपापाशी तिला वेगवेगळं कळलं होतं. एकत्र कधी कळलंच नव्हतं. फाईली ती रंगावरून लावायची, उघडून कशाला बघेल? पोरगी मान खाली घालून लिहिते आहे, यातच तिचा जीव भांड्यात पडायचा.

"अगं, तू बोलली का नाहीस?" तिने ठकीला विचारलं. आवाज चढला होता.

ठकीला प्रश्नच कळला नाही. "मला वाटलं घरची शाळा अशीच असते. चर्चमध्ये पण आपण दर रविवारी तेच म्हणतो की."

टेबलाखालून आवाज आला, "एक सांगू का, एवढा पक्का पाया दुसऱ्या कुणाचा नसेल."

"तुम्ही वाटाणे उचला," टेलरबाई म्हणाली.

अधिकारी यायला जेमतेम दोन आठवडे राहिले होते.

रविवारी उपासना संपल्यावर टेलरबाईने पाळकीणबाईंना गाठलं. पाळकीणबाई म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नी. पाळकसाहेब उपदेश करत आणि बाकी सगळं पाळकीणबाई करत. टेलरबाईने खालच्या आवाजात सगळा प्रकार सांगितला. त्या इतक्या हसल्या की त्यांना मागच्या बाकावर बसावं लागलं.

"हसू नका हो, माझी पाचावर धारण बसली आहे इथे."

"अगं, हसते म्हणजे मदत करत नाही असं थोडंच आहे?" त्या डोळे पुसत उठल्या आणि बाहेर पडणाऱ्या मंडळींना त्यांनी दारातच अडवलं. एका मुलीला पहिल्या आठवड्यानंतरचं काहीही शिकवायला पाहिजे आहे, ज्याच्याकडे जे असेल ते आणावं, मोफत.

लोकांनी आणलं. मंडळी देण्याच्या बाबतीत कधीच कमी पडत नाहीत, काय द्यावं याबाबतीतच जरा गडबड होते. एका निवृत्त पोस्टमास्तरांनी भिंतीएवढा नकाशा दिला, त्यावरचे दोन देश आता अस्तित्वात नव्हते. एका आजींनी चौदा वर्षांची जुनी कॅलेंडरं दिली. दंतवैद्याने प्लॅस्टरचा एक जबडा आणून दिला, खालीवर उघडमीट होणारा, सगळे दात शाबूत असलेला. टेलरबाईने कपाळाला हात लावला. ठकीने तो जबडा छातीशी धरला.

आणि पुढचे दिवस खरोखर कामाचे गेले. दातांवरून पाढे झाले. एका माणसाचे बत्तीस, तर बसमधल्या त्रेचाळीस पोरांचे किती, हा हिशेब ठकीने दोन पानं भरून केला. मग ड्रायव्हर म्हणाला की पोरांचे दात पडलेले असतात, तेव्हा वजाबाकी सुरू झाली. त्यासाठी तो रोज बसमध्ये पोरांना तोंडं उघडायला लावून पडलेले दात मोजून यायचा, आणि शिपायाचा प्रश्न बदलला. पोस्टमास्तर येऊन हरवलेले देश कुठे गेले ते सांगून गेले. पाळकीणबाई एक दिवस आड यायच्या. त्यांनी ठकीला एक कोरी वही दिली. "सात दिवसांचं तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. आता आठव्या दिवशी काय झालं असेल, ते तूच लिही."

ठकी लिहायला बसली आणि तिने वही कुणाला दाखवली नाही.

एवढं झालं तरी दोन आठवडे ते दोन आठवडेच. टेलरबाईला ते कळत होतं. बुधवारी तिने मनाशी ठरवलं की अकरा फाईली टेबलावर मधोमध ठेवायच्या, रंग लावून, आणि काही बोलायचं नाही. खोटं बोलायचं नाही, फक्त गप्प बसायचं. गप्प बसणं तिला जमत नाही हे सोडलं तर बेत चांगला होता.

गुरुवारी सकाळी अधिकारीबाई आल्या. जड बॅग, दमलेला चेहरा, आणि कोटाच्या डाव्या बाहीतून अस्तर लोंबत होतं. टेलरबाईचं आधी अस्तराकडेच लक्ष गेलं. ड्रायव्हर फेरीवर होता. ठकी केस विंचरून, हात मांडीखाली घालून खुर्चीवर बसली होती.

अधिकारीबाईंनी फाईलींच्या ढिगाकडे पाहिलं. वरची उचलली, हातात तोलली, अंगठ्याने पानं फरफरवली. चांदण्याच चांदण्या. "अरे वा! एवढं काम? मी सकाळपासून दोन घरं बघून आले, तिथे चार कागद धड नव्हते." त्या खुर्चीत टेकल्या, फॉर्म काढला, पेनाचं टोपण उघडलं.

झालं होतं काम. एक सही, आणि पोरगी वर्षभर घरी. टेलरबाईने ओठ घट्ट मिटले होते. तिला वाटलं, आपल्याला आनंद व्हायला पाहिजे. पण उलटून पाहिलं तर आतून कच्ची राहिलेली शिलाई तिने आजवर कुठल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली नव्हती, आणि आज सकाळी प्रार्थनेत ठकीच्या शेजारी गुडघे टेकून तिने देवाला काय काय सांगितलं होतं ते तिला आठवलं.

"मॅडम, जरा थांबा," ती म्हणाली. "ती सगळी एकच फाईल आहे."

"म्हणजे?"

मग तिने सांगितलं. कुलपापासून वाटाण्यांपर्यंत सगळं. सांगताना तिने ठकीकडे पाहिलं आणि नसतं पाहिलं तर बरं झालं असतं, कारण पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

अधिकारीबाईंनी पेनाचं टोपण लावलं. एक फाईल उघडली. "इथे मासे." दुसरी उघडली. "इथेही मासे." तिसरी उघडताना त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला, पण त्यांनी तो आवरला. मग त्यांनी दोन आठवड्यांचं काम मागितलं. दातांची पानं नीट, शेवटपर्यंत तपासली. जबड्यातली अक्कलदाढ कुठली ते ठकीला विचारलं, तिने दाखवली. मग त्या फॉर्मकडे वळल्या.

"शाळा सोडायचं कारण इथे लिहिलंय, वाचन." त्यांनी ठकीकडे पाहिलं. "मला काहीतरी वाचून दाखवशील? काहीही चालेल. तुला आवडेल ते."

टेलरबाई गप्प बसली असती तर हे वाचन आलंच नसतं. आपल्या हातानेच आपण पोरीला पुन्हा त्या वर्गात उभं केलं, असं तिला वाटलं.

ठकी उठली आणि आतून वही घेऊन आली. बसून वाचलं असतं तरी चाललं असतं, पण ती उभीच राहिली.

"आठव्या दिवशी सोमवार होता," तिने सुरुवात केली. "सगळं बनवून झालं होतं, म्हणून पहिल्या माणसाला काय करावं ते कळेना. बायको म्हणाली, नुसता बसू नकोस, जनावरांना नावं दे. हत्तीचं नाव लगेच झालं. किड्यांना फार वेळ लागला. तेव्हा कुणी कपडे घालत नव्हतं, म्हणून टेलरचं काम अजून निघालं नव्हतं. माझी आई तेव्हा असती तर तिला फार क..."

आणि ती अडली.

ठकीचं तोंड त्या अक्षरावर थबकलेलं, मान किंचित पुढे, डोळे वहीत. शब्द 'कंटाळा' होता. टेलरबाईला तो ऐकू आल्यासारखा दिसत होता. घरी असं झालं की ती लगेच शब्द पुरवायची. हळूच, मायेने, मशीन न थांबवता. तीन महिने ती हेच करत आली होती. आताही तिचं तोंड उघडलं, 'कं' ओठांवर आला.

ठकीने वहीतून डोळे न काढता एक हात वर केला.

"आई, सांगू नकोस," ती म्हणाली. "येतोय."

हे चार शब्द मात्र अजिबात न अडता आले. टेलरबाईने तोंड मिटलं. मागच्या बाकावरची पोरं ओरडून सांगायची आणि आपण कुजबुजून सांगायचो, एवढाच काय तो फरक, हे तिला आत्ता, इथे, परक्या बाईसमोर कळलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अधिकारीबाई घड्याळाकडे बघत नव्हत्या. त्या आरामात खिडकीबाहेर बघत होत्या, जणू दुसरं घर गाठायचंच नाही.

"...कंटाळा आला असता," ठकी म्हणाली. तिने श्वास घेतला. "म्हणून तिने देवाला जाऊन विचारलं असतं, काही शिवायचं आहे का? देव म्हणाला असता, थोडे दिवस थांब. आठवा दिवस समाप्त."

अधिकारीबाईंनी पेनाचं टोपण पुन्हा उघडलं आणि बराच वेळ लिहिलं. लिहिता लिहिता त्या म्हणाल्या, "पुस्तकांचं म्हणाल तर सरकारी शाळेची पुस्तकं मागितली की मोफत मिळतात. पहिल्या धड्यापासून शेवटच्या धड्यापर्यंत."

"पण ती शाळेतल्या मुलांसाठी असतात ना?"

"असं कोण म्हणालं? कुणी विचारायलाच येत नाही."

"आणि शास्त्रपाठ?"

"तो मी कुठून देऊ? त्याच्यासाठी तुमचं चर्च आहे की." त्यांनी सही केली, फॉर्मचा एक कागद फाडून टेलरबाईच्या हातात दिला, आणि उठताना बाही पुढे केली. "सही झाली आहे, आता हे टाचून द्यायला हरकत नाही. आधी मागितलं असतं तर ती लाच झाली असती. मी आल्यापासून तुमची नजर तिथेच आहे."

टेलरबाईने अस्तर टाचून दिलं. त्या गेल्या. जिन्यावरचे पावलांचे आवाज संपल्यावर तिने कागद उजेडात धरला. परवानगी, एक वर्ष. त्याखाली गणित, त्याखाली लेखन, त्याखाली वाचन, आणि वाचनासमोर बारीक अक्षरात शेरा लिहिला होता: 'वाचते. शब्द सांगू नये. थांबावे.'

टेलरबाईने तो दोनदा वाचला आणि तिला एकदम रडू फुटलं.

"आई, काय झालं?" ठकी घाबरली. "नाही म्हणाल्या का त्या?"

टेलरबाईने मान हलवली. तिला सांगायचं होतं. सगळं सांगायचं होतं, परवानगीचं आणि त्या तीन महिन्यांचं. पण घशातून शब्दच निघेना. ठकी वही हातात धरून तिच्यासमोर उभी राहिली, काही न बोलता, आणि थांबली.